पत्रपेटीवर आधी आडनाव लाव

प्रश्न : ताई, मी सांगलीची, वय २३. मास्टर्ससाठी सप्टेंबरअखेरीस एका शनिवारी रात्री बर्लिनला उतरले. दुसऱ्या दिवशी सगळी दुकानं बंद, बॅगेतल्या बिस्किटांवर दिवस काढला. सोमवारी तिकीट काढलेलं असूनही तपासनीसानं ६० युरो दंड केला. बुधवारी रात्री कचरा टाकायला खाली गेले तर मागे दार लागलं आणि किल्ली आत राहिली. कुलूपवाल्यानं ३८० युरो घेतले. बाथरूममध्ये पाणी सांडलं म्हणून रूममेट बरंच बोलली. बँकेचं कार्ड अजून आलेलं नाही. लोक हसत नाहीत, रस्त्यात एक सायकलवाली अंगावर ओरडली. आभाळ सतत भरलेलं असतं. बाबांनी कर्ज काढून पाठवलंय, त्यामुळे घरी काही सांगवत नाही. आत्ताच हे शहर नकोसं वाटतंय, तर पुढची दोन वर्षं कशी जाणार? परत यावं का?

उत्तर : तुझ्या तक्रारी एकीखाली एक लिहून पाहिल्या. आभाळ सोडलं तर प्रत्येकीमागे ठरावीक कारण आहे, आणि बर्लिनला नव्यानं आलेल्या अनेकांना यातल्या निम्म्या तरी गाठतातच. परत यायचं की नाही हा विचार तूर्त बाजूला ठेव. आधी कार्डाचं बघू, कारण बाकीची बरीच कामं त्याच्याशीच अडली आहेत.

बँकेला पत्ता कसा दिलास ते तपास. रस्ता, घर क्रमांक आणि पुढे ‘फ्लॅट नं. १२, तिसरा मजला’ असं लिहिलं असशील. सांगलीत ते बरोबर आहे. जर्मनीत मात्र बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो. पोस्टमन पाकिटावरचं आडनाव वाचतो आणि तेच आडनाव खालच्या पत्रपेट्यांवर शोधतो. सापडलं तर पत्र पेटीत जातं, नाही तर पाठवणाऱ्याकडे परत. तू राहतेस त्या खोलीची पेटी रूममेटच्या नावावर असणार. तुझं नाव तिथे नसेल तर तुझं कार्ड दारापर्यंत येऊन परत गेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

आजच हे कर. पासपोर्टवर जसं आहे तसं आडनाव ठळक अक्षरांत कागदाच्या पट्टीवर लिही आणि पारदर्शक टेपनं पत्रपेटीवर चिकटव. तशीच दुसरी पट्टी दारावरच्या बेलच्या पाटीजवळ लाव. रूममेटला आधी विचार. ती नाही म्हणणार नाही, सगळे हेच करतात. छापील पाटी नंतर इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे केअरटेकर, लावून देतो. आपल्याकडच्या काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत येतं. तसं असेल तर बँक आणि विद्यापीठ पाकिटावर जे नाव छापतात, तेच पेटीवर हवं.

पत्ता असा लिहायचा : पहिल्या ओळीत तुझं नाव. दुसरीत ‘बाय’ आणि पुढे मूळ भाडेकरूचं आडनाव, म्हणजे ‘अमुक यांच्याकडे’. तिसरीत रस्ता आणि घर क्रमांक, चौथीत पाच आकडी पिनकोड आणि बर्लिन. जुन्या इमारतींत रस्त्याकडचं फोर्डरहाउस, आतलं अंगण ओलांडून मागचं हिंटरहाउस आणि बाजूचा जाइटनफ्ल्युगेल असे भाग असतात. तू मागच्या भागात राहत असशील तर तेही लिही, कुरिअरवाल्याला उपयोग होतो. हा पत्ता बँकेच्या अ‍ॅपमध्ये दुरुस्त कर आणि कार्ड पुन्हा मागव. कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांत, बऱ्याचदा वेगवेगळ्या दिवशी येतात. एक आलं आणि दुसरं नाही, म्हणून घाबरू नकोस.

दरम्यान पैसे अडवून ठेवू नकोस. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं, त्यातून महिन्याचे ९९२ युरो सुटायला कार्ड लागत नाही. चालू खात्याचा आयबॅन क्रमांक लागतो, आणि तो बहुधा खातं उघडताच अ‍ॅपमध्ये दिसतो. ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या कंपनीला आजच तो कळव. आणखी कोणती कागदपत्रं हवीत हेही त्याच मेलमध्ये विचार, कारण काही ठिकाणी पत्तानोंदणीचा दाखलाही मागतात.

ती नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग, आणि आता तेच सगळ्यात मोठं काम. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असतो. बर्लिनमध्ये त्याची अपॉइंटमेंट मिळणं जिकिरीचं असतं. तीन गोष्टी लक्षात ठेव. एक, आपल्याच भागातल्या कार्यालयात जावं लागत नाही, शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, म्हणून शोधताना सगळी निवड. दोन, रद्द झालेल्या वेळा दिवसभर परत येत राहतात. सकाळी कार्यालयं उघडताना आणि मध्येमध्ये पान ताजं करून बघ. फोननं विचारायचं तर ११५. तीन, दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली तरी घे आणि नोंदवल्याचा मेल जपून ठेव. आपण वेळेत प्रयत्न केला होता याचा तो पुरावा.

जाताना पासपोर्ट, भरलेला नोंदणी अर्ज आणि घर देणाऱ्याचं सहीचं पत्र न्यायचं. या पत्राला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. शब्द पल्लेदार असला तरी कागद एका पानाचा. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही, आणि नुसता करार घेऊन गेल्यामुळे लोकांना परत पाठवलं जातं. खोली रूममेटकडून घेतली असेल तर मूळ भाडेकरू म्हणून ती सही करू शकते. कोणी ‘इथे नोंदणी करता येणार नाही’ म्हणालं, तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी पुढे तिथे राहू नकोस. नोंदणीशिवाय पुढचा प्रत्येक कागद अडतो. अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तुझ्या बाबतीत त्यानं फरक पडणार नाही, पण वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्रमैत्रिणींना सांगून ठेव : तिथे कॅथलिक लिहिलं की पुढे नोकरी लागल्यावर बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के चर्च कर कापला जातो. माहीत असून लिहावं.

नोंदणीनंतर दोनतीन आठवड्यांत करक्रमांकाचं पत्र येतं. रेडिओ-टीव्ही वर्गणीचंही पत्र येईल, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, पण ती घराला असते, माणसाला नाही. रूममेट आधीच भरत असेल तर तिचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळी हो आणि तुझा वाटा तिला दे. पत्र फेकून देऊ नकोस, थकबाकी साचत जाते. व्हिसा कधी संपतो तेही आजच बघ. निवास परवान्याचा अर्ज परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे त्या तारखेच्या आधी ऑनलाइन पोचला पाहिजे.

आता दंड. तुझ्याकडे तिकीट होतं, हे खरंच असणार. पण यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर फलाटावरच्या छोट्या पेटीत तारीख-वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर ते वापरायला सुरुवातच झालेली नाही असं धरतात, म्हणजे विनातिकीट. स्टेशनात अडवणारं दार नसतं आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात, त्यामुळे हे कोणी सांगेपर्यंत कळत नाही. दंड माफ होण्याची आशा धरू नकोस. पावतीवरच्या मुदतीत बँकेतून भर, उशीर केला तर वरखर्च लागतो. तिकिटासाठी शहर आणि आसपासचे ए, बी, सी असे विभाग आहेत, त्यातल्या सी विभागात विमानतळ येतो हेही लक्षात ठेव. तिथून शहरात यायला एबीसी तिकीट लागतं, एबी काढलं तरी तोच ६० युरोंचा दंड. तुझं सेमिस्टर तिकीट १ ऑक्टोबरपासून लागू झालं आहे, तेव्हा हा विषय तुझ्यापुरता संपला. मात्र ते फोनमध्ये असतं. फोनची बॅटरी आणि फोटो असलेलं ओळखपत्र, दोन्ही जवळ हवं. बॅटरी संपली म्हणून दाखवता आलं नाही, तर दंडाची पावती घे आणि दिलेल्या मुदतीत तिकीट दाखव. तुझ्या नावाचं वैध तिकीट त्या वेळी होतं हे दिसलं की ६० युरोंऐवजी किरकोळ रक्कम भरावी लागते.

दाराचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ३८० युरो ही तुझ्या महिन्याच्या पैशांची तिसऱ्या हिश्शाहून मोठी रक्कम आहे. तिथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही, आतून कुलूप घातलेलं नसलं तरी. चौकटीबाहेर पाऊल टाकायच्या आधी किल्ली हातात घ्यायची, कचरा टाकायला असो की पेटी बघायला. दुसरी किल्ली जवळ राहणाऱ्या विश्वासू मैत्रिणीकडे ठेव. ती हरवू मात्र देऊ नकोस. काही इमारतींत एकाच किल्लीनं खालचं दार, तळघर आणि घर उघडतं, आणि अशी किल्ली हरवली तर अनेक कुलपं बदलण्याचा खर्च येऊ शकतो.

पुन्हा कधी वेळ आलीच तर आधी रूममेटला फोन कर, ती रात्री परत येणार असेल तर कॅफेत बसून वाट पाहणं परवडतं. कुलूपवाला बोलवायचाच असेल तर फोनवरच सांग : दार फक्त ओढलं गेलंय, कुलूप घातलेलं नाही. आणि येण्याजाण्यासकट, रात्रीच्या जादा आकारासकट एकूण रक्कम किती, ते विचारून घे. आकडा सांगायला तयार नसेल तर फोन ठेव. इंटरनेटवर सगळ्यात वर जाहिरात दिसणारे बऱ्याचदा दूरवरून माणूस पाठवतात, म्हणून पत्ता तुझ्याच भागातला आहे का ते बघ. नुसतं ओढलेलं दार उघडायला कुलूप फोडावं लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. ड्रिल काढलं तर थांबव. दारातच रोख द्या म्हणून दमदाटी केली तर ११० ला, म्हणजे पोलिसांना, फोन करायचा. तुला बिल मिळालं असेल तर ते घेऊन ग्राहक सल्ला केंद्रात किंवा विद्यार्थ्यांच्या कायदा सल्ल्याकडे जा. रक्कम अवाजवी असेल तर काही भाग परत मागता येतो का, ते तिथले लोक सांगतील.

रूममेटचं चिडणं समजून घे. आपल्या मोरीला उतार असतो, जाळी असते, बादली ओतली तरी पाणी वाहून जातं. तिथल्या बाथरूममध्ये शॉवरच्या तबकाबाहेर जमिनीला पाणी जायला वाटच नसते. सांडलेलं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली मुरतं आणि खालच्या घराच्या छताला डाग पडतो. त्याचा खर्च ज्याच्याकडून पाणी सांडलं त्याच्याकडून घेतात. शॉवरचा पडदा आत सोडायचा, बाहेर पडताच फरशी कोरडी करायची. संडासात तांब्या वापरायला हरकत नाही, फक्त पाणी जमिनीवर येऊ द्यायचं नाही. आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, हाफ्टफ्लिष्ट, घेऊन टाक. विद्यार्थ्याला महिन्याला थोडेच युरो पडतात, आणि जर्मनीत बहुतेकांकडे असतो.

याच्याच जोडीला खिडक्या. थंडीत आपण खिडकी जरा तिरपी उघडून ठेवतो आणि हीटर चालू ठेवतो. त्यानं खोली तापत नाही, बिल वाढतं आणि खिडकीभोवतीची भिंत थंड पडून तिथे काळी बुरशी धरते. हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाचदहा मिनिटं, दिवसातून दोनतीनदा, मग बंद. भात-आमटी शिजवल्यावर आणि अंघोळीनंतर तर हमखास. हीटरच्या चक्रावर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर केल्यानं खोली लवकर तापत नाही, जास्त तापते इतकंच.

रविवारचा उपास टाळणं सोपं आहे. रविवारी आणि सुटीच्या दिवशी जर्मनीत दुकानं कायद्यानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आठवड्याचा बाजार. अडचण आलीच तर हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात. कोपऱ्यावरची श्पेटी नावाची छोटी दुकानंही बऱ्याचदा मिळतात, जरा महाग. प्यायचं पाणी नळाचं चांगलं आहे. किटलीत पांढरा थर जमतो तो चुन्याचा, अपाय नाही. बाटली घेतलीस तर ‘श्टिल’ लिहिलेली घे, ‘क्लासिक’ आणि ‘मीडियम’ दोन्हीत गॅस असतो. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांवर २५ सेंट अनामत घेतात, सुपरमार्केटच्या यंत्रात परत दिलं की चिठ्ठी मिळते, ती बिलात वळती होते.

आणि घरचं जेवण लवकर सुरू कर, या उदासीवर त्याच्याइतका उपाय नाही. ४०५ क्रमांकाचं पीठ घेऊन पोळ्या चिवट झाल्या असतील, तर तो मैदा आहे. पिठावरचा आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. भारतीय दुकानातला आटा घे, किंवा ४०५ मध्ये निम्मं बारीक दळलेलं फोलकॉर्न, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, मिसळ. मसूर डाळ आणि छोले तुर्की दुकानांत स्वस्त मिळतात, तूरडाळ भारतीय दुकानात. नॉयकोल्न भागाच्या कडेला कालव्यालगत मायबाखउफर या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो : कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, वांगी, हिरव्या मिरच्या, आणि गळा काढून ओरडणारे विक्रेते. शुक्रवारी दुपारी एकदा जाऊन ये. बर्लिन गप्प शहर आहे हे तुझं मत तिथे थोडं हलेल. शेगडी इंडक्शनची असेल तर घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते बघ.

माणसांबद्दल. सायकलवाली ओरडली ती बहुतेक तू फुटपाथवरच्या लालसर पट्ट्यावर चालत होतीस म्हणून. तो सायकलींचा मार्ग असतो, त्या वेगानं येतात आणि धडक बसली तर दोघींनाही लागतं. ओरडून ती पुढे गेली, विसरली. अनोळखी माणसाकडे बघून हसायची तिथे पद्धत नाही, पण दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, इमारतीच्या जिन्यात ‘हालो’ आणि निघताना ‘चूस’ म्हणायची पक्की पद्धत आहे. आपण ते म्हणत नाही, कारण आपल्याकडे अनोळखी माणसाला हसणं पुरतं, आणि मग त्यांना आपणच तुसडे वाटतो. आठवडाभर म्हणून बघ. ट्रेनमध्ये स्पीकरवर व्हिडिओ कॉल टाळ, त्यावर लोक हमखास वळून बघतात. मात्र सगळंच गैरसमजावर ढकलू नये. रंगावरून किंवा देशावरून कोणी शिवी दिली, अंगावर आलं, तर तो वंशभेदच आहे. तिथून बाजूला हो, ११० ला कळव आणि विद्यापीठाच्या भेदभावविरोधी सल्ला कक्षात नोंदव.

आभाळाचं मी काही करू शकत नाही, पण पुढे काय येतंय ते आधीच माहीत असू दे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि सूर्यास्त एका दिवसात पावणेसहाच्या सुमारावरून पावणेपाचच्या आत येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. सांगलीच्या मुलीला याचा त्रास होणारच, यात तुझं काही कमी नाही. रोज दुपारी बारा ते दोनच्या मध्ये अर्धा तास बाहेर चाल, ढग असले तरी. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून त्याचं मोकळं मैदान लोकांना खुलं आहे. धावपट्टीवर लोक पतंग उडवतात, सायकली चालवतात. शहरात इतकं आभाळ एकत्र दुसरीकडे दिसणार नाही. झोप येत नाही, खाववत नाही, रडू थांबत नाही असं दोन आठवडे सलग झालं, तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे मानसिक सल्ल्याची सोय असते, तिथे वेळ घे. ते लोक इंग्रजीतही बोलतात.

परत यायचं का? माझं मत विचारशील तर जानेवारीआधी ठरवू नकोस. तोवर नोंदणी, कार्ड, परवान्याचा अर्ज मार्गी लागलेला असेल, वर्गात दोनचार माणसं ओळखीची झाली असतील. तेव्हाही अभ्यासक्रमच चुकीचा वाटत असेल तर तो खरा प्रश्न, आणि त्यावर आपण नीट बोलू. पण घरी सांगणं पुढे ढकलू नकोस. दंड आणि कुलूपवाल्याचे ४४० युरो बाबांना एकदाच, आकड्यासकट सांग, आणि आता पैसे कसे वाचवते आहेस तेही सांग. आईबाबांना हिशेब कळला की काळजी कमी होते, पोरीचा पडलेला चेहरा रोज व्हिडिओवर बघून ती वाढते. बोलायची वेळ ठरवून घ्या. सध्या बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, घड्याळ बदललं की साडेचार. तेव्हा तुझे रात्रीचे दहा म्हणजे आईचे अडीच वाजलेले असतील.

आई दिवाळीचा फराळ पाठवेलच. तिला सांग, तूप, पेढे, बर्फी, खवा यांना युरोपीय संघात पार्सलनंही बंदी आहे, तुपातल्या लाडवांच्याही वाटेला जाऊ नये. तेलातली चकली, कडक शेव, चिवडा, मसाले चालतील. खाजगी भेट म्हणून ४५ युरोंपर्यंतच्या मालावर जकात नाही, फक्त आत काय आहे आणि किंमत किती, ते फॉर्मवर खरं लिहायचं. नुसतं ‘खाऊ’ लिहिलं तर जकात कार्यालय पार्सल अडवतं आणि तुला पत्र पाठवून बोलावतं. तू घरी नसलीस तर पोस्टमन पार्सल बहुधा शेजाऱ्याकडे ठेवतो आणि कोणाकडे ठेवलं त्याची चिठ्ठी पेटीत टाकतो. संध्याकाळी सात-आठच्या आत बेल वाजवून ते घेऊन ये, नऊनंतर नको.